डोळ्यातल्या दोऱ्याचं टोक

आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर एक खाच आहे. दोरा अंगठ्याला गुंडाळायचा, पाय लांब करून तो ताणून धरायचा आणि त्यावर शेवंती बांधत जायचं, ही आमच्या घरची हार करायची पद्धत. पन्नास वर्षं रोज तेच केल्यावर अंगठा तरी काय करणार, त्याने दोऱ्याला जागा करून दिली. माझ्याही अंगठ्यावर तशी खाच होती. लग्नानंतर ती हळूहळू बुजली.

आम्ही मखमलाबादकडचे फुलशेतीवाले. शेवंती, झेंडू, गुलछडी, जे पिकेल ते पहाटे नाशिकच्या फूलबाजारात. लग्न होऊन मी एकलहऱ्याला आले. नवरा तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्रात नोकरीला आहे, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या नाकावर राग असतो. मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते फारसं खोटंही नाही. अंधश्रद्धेच्या धड्याला तर मी वर्गाला असं फैलावर घेते, की गळ्यातला ताईत शर्टाच्या आत ढकलल्याशिवाय कुणी बाकावर बसत नाही.

आईचे हाराबाबतचे दोन नियम होते. देवाच्या हाराला लोंबतं टोक चालायचं नाही. दिसलं की चिमटीत धरायचं आणि झटका द्यायचा. हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलं, की डोक्याला कळायच्या आधी बोटं काम उरकून मोकळी व्हायची. दुसरा नियम तिरडीच्या हाराचा. त्याला ती शेवटची गाठ मारायची नाही. ज्याचं सगळं सुटलं त्याला आणखी बांधून कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं. पण त्या हारातून उरलेला दोरा मात्र ती घरात राहू द्यायची नाही, चुलीत टाकायची. बिनगाठीचा दोरा आपलं माणूस शोधत फिरतो, म्हणायची. मी हसायचे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आईचा डावा डोळा गेलेला आहे, पांढरा, आत ओढलेला. मी तिच्याजवळ बसते ती नेहमी डावीकडे. जेवायला, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. घरात सगळे म्हणतात, लेक आंधळ्या बाजूची काठी झाली. मी ते कौतुक ऐकून घेते.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, शेवंतीच्या वाफ्यात वाकताना, झाडांना आधाराला बांधलेल्या तारेचं टोक आईच्या उजव्या डोळ्यात घुसलं. म्हणजे चांगल्या, एकुलत्या डोळ्यात. भावाने तिला तसंच मोटारसायकलवर बसवून शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मी एकलहऱ्याहून पोहोचेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी तपासून ठेवलं होतं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा फाटला होता. टाके घालावे लागणार होते. तारेला माती, माती म्हणजे जंतू, आणि जंतू आत शिरले तर हाही डोळा जाणार.

आईने जाताना पत्र्याचा डबा बरोबर घ्यायला लावला होता. त्यात रेशनकार्डाखाली डाव्या डोळ्याच्या जुन्या ऑपरेशनचं कार्ड होतं, घड्यांवर फाटलेलं. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरून मोठ्याने वाचलं. ‘रुग्णाने डोळा चोळला. टाका ओढला गेला. आत पू.’ मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, की यांना डोळ्याला हात लावायची सवय दिसते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

ते कार्ड खोटं बोलत होतं. डोळा आईने चोळला नव्हता. टाका मी काढला होता.

तेव्हा मी कॉलेजात होते. म्हशीच्या शेपटीचा फटका बसून आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, त्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी टाके घालायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी, सकाळी उन्हात बसलेली असताना ती मला म्हणाली, टोचतंय गं, बघ जरा. मी पापणी खाली ओढली. पापणीच्या कडेवर केसाहून बारीक काळं टोक उभं होतं. बोटांनी आपलं काम केलं. झटक्याबरोबर वीतभर नाही, पण नखभर तरी काहीतरी हातात आलं. आईने श्वास आत ओढला. मी म्हणाले, पापणीचा केस होता गं, काढला. चार दिवसांनी डोळा पुवाने भरला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईच म्हणाली, झोपेत चोळला असंल. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. तिलाही तसंच वाटतंय, अशी मी माझी समजूत घालून घेतली. त्या समजुतीवर मी बावीस वर्षं काढली.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. कार्ड वाचून डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की साधा दोरा नको. नव्या प्रकारचा एक दोरा आला होता, त्याच्या आतच अँटिबायोटिक भरलेलं असतं. टाका घातला की औषध थोडं थोडं पाझरत राहतं, साधारण महिनाभर. थेंब घालायचेच, पण एखाद वेळ चुकला तरी टाका स्वतः राखण करतो. हा दोरा अजून सगळीकडे मिळत नाही, वापर नवा आहे, सही करा, म्हणाल्या. मी सही केली. केवढा असतो तो दोरा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, आम्हीही यंत्रातून बघून घालतो. आणि एक सूचना त्यांनी दोनदा दिली. टाक्याचं टोक सैल झालंच, टोचायला लागलं, तर घरी कुणीही हात लावायचा नाही. लगेच इकडे यायचं.

मी रजा टाकली, पुढे दिवाळीची सुट्टी होतीच. भाऊ आणि वहिनी पहाटे बाजाराला जायचे ते दुपारी परतायचे. सणाचे दिवस, झेंडू नुसता वाहत होता. सकाळी घरात आई आणि मी दोघीच. थेंब घालायचं काम माझं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला रोज चार वेळा तिच्या उजव्या बाजूला, तोंडासमोर बसावं लागत होतं.

पाचव्या सकाळी मला टोक दिसलं.

पूर्वेचं दार उघडं होतं, ऊन तिच्या गालावर होतं. डोळ्याच्या खालच्या कडेवरून एक बारीक दोरा बाहेर आला होता, पेराएवढा. हलत होता, आणि वारा नव्हता. मी थेंबाची बाटली खाली ठेवली आणि दारातली भाच्याची दुचाकी काढून आईला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं, टाके मोजले. सगळे जागेवर, टोकं आत दाबलेली, जखम स्वच्छ. मी काय पाहिलं ते मी सांगितलं. त्या समजुतीने हसल्या आणि म्हणाल्या, चिकट पाण्याची तार असेल, तसं दिसतं कधी कधी.

दुसऱ्या सकाळी तार पुन्हा होती, आता बोटाएवढी. मी वहिनीला संध्याकाळी दाखवायला गेले तर काही नाही. ती फक्त सकाळच्या उन्हात असायची, आणि माझ्यासाठीच. मी शहाणपणा केला आणि मोबाइलवर फोटो काढला. विज्ञानाच्या बाईंना पुरावा हवा. फोटोत आईचा लाल डोळा होता, पापण्या होत्या, पाणी होतं. दोरा नव्हता. पण फोटोच्या कडेला माझ्या डाव्या हाताची चिमूट होती, डोळ्यापासून बोटभर अंतरावर, अंगठा आणि तर्जनी जुळलेली. तो हात मी वर नेल्याचं मला आठवत नव्हतं.

मला खरी भीती वाटली ती तेव्हा. दोऱ्याची नाही, हाताची. त्या दिवसापासून थेंब घालताना मी डावा हात मांडीखाली दाबून बसू लागले. वहिनीला म्हटलं, उद्यापासून तू घाल, मी बाजाराला जाते. आईने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की थेंब लेकच घालणार. का, ते तिने सांगितलं नाही. तिचा सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दोरा रोज वाढत गेला. दसऱ्याला तो तिच्या हनुवटीपर्यंत होता. दारावर तोरण लावताना मी मुद्दाम पाठमोरी राहिले. पुढच्या आठवड्यात तो तिच्या छातीवरून खाली आला, मग मांडीवर साचला, गुंतता न गुंतता, जसा रिळातून सुटलेला दोरा साचतो तसा. आईला त्याची जाणीव नसावी, कारण ती त्यातूनच हात काढून चहाचा कप घ्यायची. मी रोज स्वतःला तेच सांगायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काही नाही. मन शिणलं की डोळे काहीही दाखवतात. हेच मी वर्गात फळ्यावर लिहून देते.

एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. समोर फुलं नव्हती, दोरा नव्हता. तिचे हात मात्र चालले होते. फूल उचलल्यासारखी बोटं जायची, वळसा, गाठ, पुढचं फूल. आणि प्रत्येक गाठीला तिच्या डाव्या पायाचा अंगठा खेचला जात होता. खाच पांढरी पडत होती, ताणलेल्या दोऱ्याखाली पडते तशी. मी विचारलं, काय करतेस. तिने मान वळवली नाही.

“हार करतीय,” ती म्हणाली. “गाठ तेवढी राह्यलीय.”

कुणाचा हार, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दोरा जमिनीवर होता. तिच्या मांडीवरून उतरून, शेणाने सारवलेल्या ओट्यावरून सरळ माझ्याकडे आला होता आणि माझ्या डाव्या पायापासून चार बोटांवर थांबला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पायात मोजे घालू लागले. ऑक्टोबरचं ऊन, नाशिकमध्ये माणसं घामाने भिजलेली, आणि मी माहेरी लोकरीचे मोजे घालून वावरत होते. भाऊबीजेला ओवाळताना भाऊ मोज्यांवरून चेष्टा करत होता. बाईंना थंडी वाजते वाटतं, एकलहऱ्याच्या भट्टीजवळ राहायची सवय झाली. मी त्याच्यावर इतकी डाफरले, की त्याने ओवाळणी मुकाट्याने ताटात ठेवली आणि तो उठून गेला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी महिना भरला. भाऊ आणि वहिनी बाजारात. मी थेंबाची बाटली घेऊन आईसमोर बसले. दोरा होता. मी डावा हात मांडीखाली घातला. तेवढ्यात ती बोलली, बावीस वर्षांपूर्वी बोलली होती तशीच, त्याच सुरात.

“टोचतंय गं. बघ जरा.”

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, आधी बघ तर खरं. मी पापणी खाली ओढली. टोक उभं होतं. आणि मग माझ्या अंगठ्याला हिसका बसला. डाव्या पायाच्या, मोज्याच्या आत, जिथे पूर्वी खाच होती तिथे. कुणीतरी दुसरीकडून दोरा ताणून घेतला होता. माझा डावा हात मांडीखालून कधी निघाला ते मला कळलं नाही. मला कळलं तेव्हा दोरा चिमटीत होता. खरा होता. ओला, कोमट, बोटांना नीट लागत होता. फक्त झटका द्यायचा राहिला होता. एवढ्याने सगळं संपेल, हा दोरा जाईल, मी सुटेन, असं वाटून मला चक्क हलकं वाटलं. त्या हलक्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मी हात तिथेच धरून बोलायला सुरुवात केली. थांबले असते तर हाताने त्याचं काम केलं असतं. मी सांगितलं, की तू तेव्हा डोळा चोळला नव्हतास. ते टोक टाक्याचं होतं. मी ओढलं. तुझा डोळा माझ्यामुळे गेला आणि मी तुला खोटं सांगितलं, डॉक्टरांसमोर गप्प बसले, आजवर गप्प आहे. मी रडत होते, नाक वाहत होतं आणि चिमूट तशीच हवेत होती.

आईने माझं मनगट धरलं. तिचा हात थंड होता आणि पकड हार ओढून बघतानाची होती.

“पापणीचा केस एवढा लांब असतो व्हय?” ती म्हणाली.

ती सावकाश बोलत राहिली. तिला त्याच क्षणी कळलं होतं. डॉक्टरांना तिने मुद्दाम तसं सांगितलं, कारण माझी परीक्षा तोंडावर होती, सोयरीक बघणं चाललं होतं, आणि आईचा डोळा फोडला हे पोरीच्या नावाला चिकटलं असतं. मग पुढे तिने वाट पाहिली, मी आज सांगेन, उद्या सांगेन. मी तिच्या आंधळ्या बाजूला जाऊन बसू लागले तेव्हा तिने ओळखलं, की हे लवकर व्हायचं नाही.

“मी कवाच सोडून दिलं होतं,” ती म्हणाली. “तूच टोक धरून बसलीस. आता सोड.”

मी बोटं उघडली. चिमटीत काही नव्हतं, फक्त ओल होती. जमिनीवर, मांडीवर, कुठे काही नव्हतं. आईने माझ्या रिकाम्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि हवेतच एक गाठ मारली, नेहमीसारखी, दोन वेढ्यांची. मग म्हणाली, टोचतंय ते खरंच हाय, चल दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राला डोळा लावला आणि एकेक टाका तपासला. मी भिंत धरून उभी होते. मग त्या म्हणाल्या, की एक टाका सैल झालाय, आजच झाला असावा, टोक वर आलंय. नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारखं नाही. पण भोवती लाली नाही, जंतू नाही, टाक्यातल्या औषधाने त्याचं काम केलंय. जखमही धरलीय. त्यांनी चिमटा घेतला आणि तो टाका मिनिटभरात काढला. बाकीचे पुढच्या महिन्यात. मग त्यांनी आईला शाबासकी दिली, की आजी, या वेळी तुम्ही हात लावला नाहीत, ओढला असता तर हाही डोळा गेला असता. कार्डावर तसं लिहून ठेवते, म्हणाल्या.

मी म्हटलं, जुन्या कार्डावर एक चूक आहे, तीही दुरुस्त करून घ्या. काय चूक, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेन उचललं आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, लिहा, ती सांगतीय तसं.

काढलेला टाका मी बघायला मागितला. त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. मला त्यावर काहीच दिसलं नाही.

मग समोरच्या पाटीवरचे आकडे वाचून झाले. आई चौथ्या ओळीपर्यंत पोहोचली. डाग राहील, चष्मा लागेल, पण डोळा राहिला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं मिळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर थांबलो. आई मधोमध बसली होती. मी सवयीने वळसा घालून तिच्या डाव्या हाताला गेले आणि बसायला वाकले.

तिने बाकाच्या दुसऱ्या बाजूवर हात आपटला.

“तिकडं नगं,” ती म्हणाली. “इकडं बस. मला दिसतीस अशी.”